एकांडा शिलेदार आणि बाकीचे उपद्रवी: डीएमने कॅरेक्टर पास कसं करावं

शनिवारी संध्याकाळी ७ ते १०:३०. इंदिरानगरमधला आमचा फ्लॅट, जेवणाचं टेबल, मधोमध चिवड्याचा डबा, भोवती पाच खेळाडू. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एक कॅरेक्टर घ्यायचं आणि बोलून, फासे टाकून गोष्ट पुढे न्यायची, हा खेळ आम्ही सहा वर्षं असंच खेळतोय आणि सहाही वर्षं डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा, मीच आहे, कारण टेबल माझं आहे.

मागच्या वर्षी गोष्ट रहाडीपाशी आली होती. नाशिककराला रहाड म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनचे जमिनीतले हौद आहेत. वर्षभर फळ्या टाकून, वर माती लोटून बंद असतात. रंगपंचमीला उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. वर्षभर रस्त्याखाली गप्प असलेला हौद, वरून रिक्षा चालल्यात आणि कुणाला पत्ता नाही. डन्जनला याहून चांगली जागा कुठली? मी फक्त हौदाच्या तळाला एक दार ठेवलं होतं.

चौघं जण फळी सरकवून खाली डोकावत होते. दातांच्या डॉक्टरांच्या क्लेरिकने, म्हणजे जखमा भरणाऱ्या पुजारणीने, दिवा धरला होता, वरच्या मजल्यावरच्या काकांच्या पॅलाडिनने, म्हणजे धर्मयोद्ध्याने, दोर बांधला होता. तेवढ्यात माझा भाचा, ज्याचं कॅरेक्टर म्हणजे निशाचर नावाचा चोर, म्हणाला, "मामा, निशाचर खाली जात नाही. तो एकटा बाजारात जातो."

"कशाला?"

"बघतो. काही मिळालं तर."

पुढे आम्ही दोघं मामा-भाचे बाजारात फिरलो. त्याने सोनाराशी घासाघीस केली, पहारेकऱ्याचा पाठलाग केला, एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारली. मला मजा येत होती, हे कबूल करतो. मग सहज डब्याकडे नजर गेली. दाणे संपले होते, खोबऱ्याचे काप संपले होते, काका तळाचे नुसते पोहे चमच्याने गोळा करत होते. लढाईचा एक राउंड किती वेळ खातो ते बघायला मी त्या दिवशी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं होतं आणि बंद करायला विसरलो होतो. बाजार ४७ मिनिटं चालला होता.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्या खात्यात माणसाला आकडा सापडला की त्याला झोप येत नाही. २१० मिनिटांचं सेशन, पाच खेळाडू. माझी बडबड शून्य धरली तरी माणशी ४२ मिनिटं. पोराने एका फेरफटक्यात आपला सगळा वाटा संपवला आणि वर दुसऱ्याच्या ताटातला घास घेतला. नियम मात्र एकही मोडला नव्हता.

तेव्हापासून माझी व्याख्या ठरली. वैताग आणणारं कॅरेक्टर म्हणजे दुष्ट किंवा विचित्र कॅरेक्टर नव्हे. माझ्या मेव्हणीची चेटकीण मेलेल्या बकरीशी बोलते, बकरी उत्तर देते असं तिचं म्हणणं आहे, आणि सगळं टेबल त्या बकरीची वाट बघत असतं. चालतंय की. न चालणारं ते, जे बाकीच्या चौघांचा वेळ खातं किंवा त्यांचा निर्णय पळवतं. विचित्रपणा पास, अडवणूक रिजेक्ट.

गेज दारातच लावा

कारखान्यात माल आला की गेटजवळच, इनकमिंगला, गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, लावतात. लाइनवर चढलेला चुकीचा पार्ट उतरवायला दसपट त्रास होतो. कॅरेक्टरचं तसंच. आठव्या सेशनला "तुझा चोर जरा बदल ना" म्हटलं की माणूस दुखावतो, कारण तोवर तो चोर त्याचा झालेला असतो.

म्हणून सेशन झीरो, म्हणजे खेळ सुरू करण्याआधीची बैठक, टाळू नका. माझी पद्धत अशी: रविवारी सकाळी सगळ्यांनी मिसळ खायची आणि तिथून थेट माझ्याकडे यायचं. शीट, म्हणजे कॅरेक्टरची माहिती लिहायचा कागद, कोरं आणायचं. घरी डोक्यात काय वाटेल ते शिजवा, कागदावर काही उतरवायचं नाही. रात्री एक वाजता खोलीत एकट्याने लिहिलेलं कॅरेक्टर हटकून एकटंच निघतं: आईबाप मेलेले, गाव जळालेलं, कुणावर विश्वास नाही. तेच पाच जण पोटात मिसळ घेऊन एका टेबलावर बसले की कुणीतरी म्हणतं, "तुझा बुटका माझ्याकडे उधारीवर दारू पितो असं करू का?" झाली ओळख. पुस्तक महाग आहे ही सबबही ऐकू नका. खेळाचे मूळ नियम, ज्याला एसआरडी म्हणतात, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहेत.

शीट भरून झालं की माझे तीन प्रश्न. तोंडी उत्तर घेत नाही, शीटच्या मागे लिहून घेतो.

पहिला: तू या चौघांबरोबर का जातोस? "पैशासाठी" हे उत्तर परत पाठवतो, पैसा कुठेही मिळतो. दुसरा: या टेबलावरच्या कुणाचं तू काही देणं लागतोस? पैसे, जीव, शब्द, काहीही चालेल, पण नाव घालून. तिसरा जरा खवचट आहे: यातला एक जण जखमी होऊन पडलाय आणि समोर खजिन्याची पेटी उघडी आहे, तुझं कॅरेक्टर आधी कुठे जाईल? "पेटीकडे" लिहिणाऱ्याला मी नापास करत नाही. मी चौघांना ते मोठ्याने वाचून दाखवतो आणि विचारतो, "याला बरोबर न्याल?" बहुतेक वेळा तोच खोडरबर मागतो.

एकांडा शिलेदार

निशाचर हा या जातीचा नमुना. काळा झगा, चेहऱ्यावर सावली, खानावळीत कोपऱ्यातलं टेबल, प्रत्येक प्रश्नाला "हं". अशी कॅरेक्टरं लिहिणारे बहुधा सोळा ते बावीस वयाचे असतात आणि त्यांना खरं तर कुणीतरी कोपऱ्यातल्या टेबलापाशी येऊन विचारावं असंच वाटत असतं. पण चार खेळाडूंनी तीन-तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा "हं" मिळालं की चौथ्यांदा कुणी जात नाही. मग शिलेदार आणखी एकटा पडतो आणि बाजारात जातो.

त्याला "टीमवर्क महत्त्वाचं आहे बाळा" सांगू नका, ते त्याला शाळेत भरपूर ऐकवून झालेलं असतं. मी नियम दाखवला.

"स्नीक अटॅकचा परिच्छेद वाच," म्हटलं.

त्याने वाचला. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत 'रोग'चा, म्हणजे चोर जातीच्या कॅरेक्टरचा, सगळा दम या एका गोष्टीत आहे: जादाचे फासे, पहिल्या लेव्हलला सहा बाजूंचा एक, पाचव्याला तीन. ते मिळायला एक तर हल्ल्यावर अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायची सवलत, हवा, नाहीतर ज्याला मारायचं त्याच्या पाच फुटांत त्याचा दुसरा कुणी शत्रू उभा हवा. म्हणजे आपला माणूस.

"म्हणजे काकांचा पॅलाडिन समोर भिडला असेल तर मला लपायचीसुद्धा गरज नाही?"

"नाही."

"आणि एकटा असेन तर?"

"एकटा असशील तर तू एक बारीक सुरी असलेला माणूस आहेस. आणि पडलास की दर पाळीला वीसचा फासा, दहाच्या खाली तीनदा आला की संपलं. क्लेरिक साठ फुटांत असेल तर एका शब्दात उठवते. बाजारात कोण उठवणार, सोनार?"

पोरगं बराच वेळ शीटकडे बघत राहिलं. त्याला पटेना ते एवढ्यासाठीच, की शूर माणूस एकटा लढतो असं त्याच्या डोक्यात होतं. म्हटलं, रामशेज माहितीये ना? आपल्या डोक्यावरचा किल्ला, तुम्ही पावसाळ्यात फोटो काढायला जाता तो. औरंगजेबाच्या फौजेला त्याने कित्येक वर्षं दाद दिली नाही. तो काय एकट्या किल्लेदाराने लढवला?

दुरुस्ती आम्ही अशी केली: झगा राहिला, कोपरा राहिला, "हं" राहिलं. फक्त शीटच्या मागे एक ओळ वाढली: रहाडीच्या दाराची अर्धी किल्ली निशाचरकडे आहे आणि उरलेली अर्धी काकांच्या पॅलाडिनकडे, आणि ती त्याला कुणी दिली हे दोघांनाही माहीत नाही. एकट्याचं कॅरेक्टर तोडायचं नसतं, त्याला दुसऱ्याच्या गाठीला बांधायचं असतं.

तरी तो अधूनमधून निघायचाच. मग दुसरा उपाय: कात्री. "तू बाजारात पोचलास, सोनार मान वर करतो," एवढं बोलून मी तिथेच सोडतो आणि रहाडीतल्या चौघांकडे वळतो. त्यांची तीन-चार मिनिटं झाली की परत बाजार. एकट्याच्या कामाला एका वेळी एक फासा, त्याहून जास्त नाही. त्यामुळे पार्टी, म्हणजे कॅरेक्टरांची टोळी, फुटली तरी डबा रिकामा होत नाही.

आणि एक गोष्ट मी केली ती तुम्ही करू नका. हे सगळं सुचण्याआधी मी चिडून निशाचरला मारलं होतं. मुद्दाम. छपरावर सापळा, खाली भाले, फासाही माझ्या बाजूने पडला. पोराचा चेहरा उतरला, बाकीचे गप्प झाले आणि मला वाटलं प्रश्न सुटला. पुढच्या शनिवारी तो नवीन शीट घेऊन आला. निशाचरचा जुळा भाऊ. तेच नाव, तोच झगा, तोच कोपरा आणि वर भावाच्या खुनाचा सूड. टेबलावरच्या माणसाशी जे बोलायचं ते त्याच्या बाहुल्याला मारून सांगता येत नाही. बाहुला दुसरा मिळतो.

मित्राच्या खिशात हात

चोराची पुढची पायरी म्हणजे पार्टीतल्याच लोकांना लुटणं. इथे मी लांबण लावत नाही, एकच नियम आहे. एका खेळाडूच्या कॅरेक्टरने दुसऱ्याच्या कॅरेक्टरविरुद्ध काही करायचं ठरवलं, चोरी, मार, जादू, काहीही, तर फासा पडत नाही. ज्याच्यावर ते होतंय तो खेळाडू निकाल सांगतो. "काकांच्या थैलीतून मी माणिक काढतो." काका म्हणाले, "काढ, पण ते काचेचं आहे." दोघं हसले, कुणाचा रक्तदाब वाढला नाही. काका म्हणाले असते "हात पकडला", तर तोच निकाल. हा नियम आल्यापासून आमच्याकडे पार्टीत चोरी वर्षातून एखाददुसरी होते आणि झाली की ती रंगते.

सोसायटीचा सेक्रेटरी

काका निवृत्त आहेत आणि खरोखरच सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यांचा पॅलाडिन धर्मपाल पण तसाच निघाला. चोराने कुलूप उघडलं: "हे बेकायदेशीर आहे." चेटकिणीने कैद्याला घाबरवलं: "माझ्यासमोर नाही चालणार." पाचही जण दाराबाहेर, आत काय आहे कुणालाच माहीत नाही, आणि दार उघडावं की नाही यावर सभा. कोरम पूर्ण. दुरुस्तीसाठी पैसेच काय ते मागायचे राहिले होते.

यात काकांचा दोष निम्मा. उरलेला निम्मा खेळाच्या जुन्या वळणाचा. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा स्वभावाचे तीनच खाने होते: शिस्त, मध्यम, अंदाधुंदी. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात त्याचे नऊ झाले, कारण चांगलं आणि वाईट त्यात मिसळलं. त्यात पॅलाडिनने लॉफुल गुडच, म्हणजे शिस्तीचं आणि चांगलंच, असायचं, ढळला तर त्याचं पॅलाडिनपण जाणार, आणि दुष्ट लोकांबरोबर त्याने फिरायचंही नाही. म्हणजे नियमच सांगत होता की बरोबरच्यांवर नजर ठेव. काका हे कुठेतरी वाचून आले होते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ती सक्ती उरलेली नाही. आता पॅलाडिन एक शपथ घेतो आणि ती पाळतो. दुष्ट माणूस हुंगण्याची ताकदही त्यात नाही. डिव्हाइन सेन्सने देवदूत, सैतान आणि भुतंखेतं कळतात, लबाड सोनार कळत नाही.

काकांना मी एवढंच विचारलं, "काका, शपथ कुणी घेतलीय?"

"धर्मपालने."

"चोराने?"

"नाही."

"मग ती धर्मपालवर लागू."

आता धर्मपाल स्वतः कुलूप उघडत नाही. तो पाठ करून उभा राहतो आणि मोठ्याने प्रार्थना म्हणतो, म्हणजे खुट्ट झालेलं ऐकू येणार नाही. ही युक्ती काकांनीच काढली, मी नाही. सभेचा वेळ शून्यावर आला आणि ती प्रार्थना आता सगळ्यांना पाठ आहे.

"माझं कॅरेक्टर असंच वागेल"

हे वाक्य कानावर आलं की स्टॉपवॉचकडे हात जातो. खानावळ पेटवली, राजाला डोळा मारला, तहाच्या बोलणीत मध्येच बाण सोडला. का? तर कॅओटिक न्यूट्रल, म्हणजे अंदाधुंद पण ना चांगलं ना वाईट, आहे, असंच वागेल. जणू कॅरेक्टर गावाकडून आलेला पाहुणा आहे आणि याच्या हातात काही नाही.

वाद घालू नका. शांतपणे विचारा: "बरं. आणखी दोन काय काय करेल?" माणूस थांबतो, विचार करतो, दोन गोष्टी सांगतो. त्यातली एक हमखास अशी असते की बाकीच्यांना तिच्यावर पुढे काही बांधता येतं. आमच्याकडे परचेसमधला एक मित्र येतो, त्याच्या रानटी योद्ध्याला तहाची बोलणी कंटाळवाणी वाटत होती. पहिलं उत्तर: टेबल उलटवतो. विचारल्यावर दुसरं: झोपतो. तिसरं: समोरच्या सरदाराला पंजा लढवायला बोलावतो. तिसरं घेतलं. तह पंज्यावर ठरला, नदीचा उतार आमच्याकडे आला आणि योद्धा तितकाच रानटी राहिला.

यातलेच एक चुलतभाऊ म्हणजे दिसेल त्याला कापणारे. गॉब्लिन दिसला, कापला. गॉब्लिनची आजी दिसली, कापली. बऱ्याचदा चूक डीएमची असते, कारण त्याचे सगळे राक्षस मरेपर्यंत लढतात. माझ्या गॉब्लिनांना सात हिट पॉइंट, म्हणजे जीवाचे गुण, असतात आणि तीन उरले की ते हत्यार टाकतात, पळतात, गयावया करतात, नातेवाइकांची नावं घेतात. नाव कळलेल्या गॉब्लिनला कापायला हात कचरतो. एवढं पुरतं.

बार्ड

आता जरा गंभीर. मेव्हणीचा एक मित्र काही महिने यायचा, त्याचा बार्ड, म्हणजे गाणारा शाहीर, होता मदन. मदन प्रत्येक दारावरच्या पहारेकरणीला, खानावळवालीला, एकदा तर ड्रॅगनलाही पटवायला जायचा. पहिल्या दोन वेळा सगळे हसले. तिसऱ्या वेळी त्याने दातांच्या डॉक्टरांच्या क्लेरिककडे मोर्चा वळवला. डॉक्टर काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त शीट जवळ ओढून घेतलं. मी ते पाहिलं आणि पुढे खेळत राहिलो. त्याची मला अजून लाज वाटते.

तेव्हापासून टेबलावर एक कार्ड असतं, त्यावर फुली. ही कल्पना जॉन स्टाव्हरोपोलोस यांची, जगभर एक्स-कार्ड म्हणून वापरतात. कुणीही त्याला बोट लावलं की चाललेला प्रसंग तिथेच थांबतो, पान उलटतं, कारण विचारायचं नाही. आमच्याकडे ते आजवर दोनदाच वापरलंय. पण ते डब्याशेजारी पडलेलं असतं, म्हणून माणूस मोकळा बसतो. शिवाय सेशन झीरोला मी थेट विचारतो: या गोष्टीत काय नको? कुणी म्हणतं लहान मुलांना इजा नको, कुणी म्हणतं झुरळं नकोत. लिहून घेतो. झुरळांच्या जागी बेडूक आणले, कुणाचं काय बिघडलं?

मदनसारख्यांचा आणखी एक भ्रम असतो: वीस पडला की काहीही होतं. नाही होत. २०१४ च्या नियमांत आपोआप यश हल्ल्याच्या फाशाला आहे, बोलण्याच्या फाशाला नाही. डीएमने ठरवलेला आकडा गाठायचा असतो. मध्यम कामाला १५, अवघडाला २०, जवळजवळ अशक्याला ३०. आणि जे होणारच नाही त्याला फासाच द्यायचा नाही. "ड्रॅगन तुझ्याकडे बघतो. त्याला भूक लागलीय. पुढे?" वशीकरणाच्या जादूचंही तेच, चार्म पर्सन उतरला की समोरच्याला कळतं आपल्यावर काय झालं होतं. मदनला ते एका पहारेकरणीने भर चौकात कळवलं.

त्या मित्राशी मी बोललो ते टेबलावर नाही. खाली टपरीवर, दोघंच, चहा घेताना. शब्दही सांगतो, कारण इथेच लोक अडखळतात: "तुझं गाणं, तुझी नाटकं मला आवडतात. पटवापटवी मात्र टेबलावर दोघांना नको आहे. मदन आणखी कशासाठी जगतो ते सांग, मी पुढच्या वेळी तेच आणतो." नावं घेतली नाहीत, मतदान घेतलं नाही, "सगळे म्हणतात" असंही म्हटलं नाही. तो दोन वेळा आणखी आला, मग येईनासा झाला. प्रत्येक पार्ट रिवर्क होत नाही.

ज्यांच्यावर उगाच राग काढतात

परचेसवाल्याने आपला योद्धा एक्सेलमध्ये बांधलाय. ताकद, बुद्धी वगैरेंत वाटायचे २७ पॉइंट कुठे टाकायचे, कुठल्या लेव्हलला काय घ्यायचं, सगळं रंग देऊन. अशांना लोक नावं ठेवतात. मी नाही ठेवत. त्याची पाळी बारा सेकंदांत उरकते, कारण त्याला सगळं पाठ आहे. खोटी फक्त तेव्हा होते जेव्हा तो दुसऱ्याची पाळी खेळायला लागतो: "नाही नाही, तू तो स्पेल नको, हा टाक." त्याला मी काम दिलंय. लढाईत कुणाची पाळी, कुणाचे किती हिट पॉइंट गेले, हा हिशोब तो ठेवतो. परचेसच्या माणसाला वही दिली की तो दुसऱ्याच्या शीटमध्ये डोकावत नाही.

गप्प बसणारेही उपद्रवी नाहीत. डॉक्टर पहिलं वर्षभर जेमतेम दहा वाक्यं बोलल्या असतील. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं घालून आलेलं माणूस, त्यांना नुसतं ऐकायचं असतं. नेमका प्रश्न विचारा, "क्लेरिकला या मूर्तीवर काय कोरलेलं दिसतं?" असा, "तुम्ही काय करता?" असा मोकळा नको.

विनोदी नावांचं थोडक्यात: बटाटावडा नावाचा जादूगार एका रात्रीपुरता ठीक. आठ महिन्यांनी राजा मरणशय्येवरून "बटाटावडा, माझ्या राज्याचा सांभाळ कर" म्हणतो तेव्हा प्रसंग बुडतो. आणि अकरा पानांची बॅकस्टोरी आणणाऱ्याला मी म्हणतो, पोस्टकार्डावर मावेल तेवढी आण.

कधी थांबवायचं

गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती आहे. पूर आला की नाशिक त्याच्याकडे बघून पूर मोजतं: पायाला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. मीही तसंच मोजतो. एकदा वेळ खाल्ला, पाय भिजले, हसून सोडायचं. त्याच कॅरेक्टरने सलग दुसऱ्या सेशनला खाल्ला, कमरेला आलं, टपरीवर चहा. तिसऱ्यांदा, किंवा कुणी शीट जवळ ओढून घेताना दिसलं, की छातीच्या वर. मग ते कॅरेक्टर गोष्टीतून निरोप घेतं: भाल्यांवर पडून नाही, चांगलं काम मिळून, गावचा कोतवाल होऊन, खेळाडूला विचारून. माणूस तोच, कॅरेक्टर नवं. पाणी गळ्याशी यायची वाट बघू नका. तोवर घाटावरची दुकानं हललेली असतात, म्हणजे तुमचे चांगले खेळाडू "या शनिवारी जमत नाही" म्हणायला लागलेले असतात.

सगळ्यात वैतागवाणं कॅरेक्टर

ते माझं निघालं. पार्टीबरोबर वाट दाखवायला मी एक म्हातारा जादूगार दिला होता, आचार्य. विद्वान, मिस्कील, थोडा थकलेला. माझा लाडका. दारावरचं कोडं कुणाला सुटेना की आचार्य खाकरायचा. लढाई हाताबाहेर गेली की आचार्य काठी आपटायचा. मला वाटायचं मी मदत करतोय.

एका शनिवारी राजवाड्यातला प्रवेश होता. तो संपल्यावर डॉक्टरांनी आपला मोबाइल माझ्यासमोर सरकवला. स्टॉपवॉच.

"आचार्य आणि प्रधान एकोणीस मिनिटं बोलत होते," त्या म्हणाल्या. "दोघंही तुम्हीच."

काकांनी डबा उचलून दाखवला. रिकामा.

मी माझे तीन प्रश्न आचार्याला लावले. या चौघापाचांबरोबर का जातो? कारण मला त्याचा आवाज काढायला आवडतो. पुढचे दोन लावायची गरज पडली नाही. आता आचार्य घाटाच्या पायरीवर बसतो, कुठेही जात नाही. एका सेशनला एकच प्रश्न, उत्तर एका वाक्यात, आणि फी दहा सोन्याची नाणी, म्हणजे कुणी उगाच विचारायला येऊ नये. स्टॉपवॉच टेबलाच्या मधोमध, आकडे वर करून ठेवलेलं असतं. त्यात माझ्या एनपीसींचे, म्हणजे डीएम चालवतो त्या पात्रांचे, एकमेकांशी संवाद सगळ्यांत आधी मोजले जातात.

परवा निशाचर आला पायरीवर. धर्मपालला बरोबर घेऊन, बरोब्बर पाच फुटांवर उभा करून. प्रश्न विचारला, मी एका वाक्यात उत्तर दिलं, त्याने खळखळ न करता दहा नाणी मोजून ठेवली. मला बरं वाटलं. घरी जाताना जिन्यात चपला घालता घालता पोरगं म्हणालं, "मामा, ती आचार्याचीच होती. तू प्रधानाचा आवाज काढत होतास तेव्हा मी फासा टाकला होता. अठरा. काकांनी पाहिलाय."